रुपयाचा दंड आणि शाळेची जबाबदारी

जून महिना लागला की आमच्या शाहूवाडी तालुक्यात दोन गोष्टी बरोबरीने येतात, पाऊस आणि शाळा. पंधरवडा उलटला की तिसरी येते, ती २६ जूनची शाहू जयंती. मलकापूर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरीची सारी वर्षे काढल्यामुळे या तिन्हींचा संबंध माझ्या मनात पक्का बसला आहे. जयंतीला प्रभातफेरी निघते, प्रतिमेला हार पडतो आणि चौथीतले एखादे चुणचुणीत पोर पाठ केलेले भाषण ठोकते. महाराजांनी मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दरमहा एक रुपया दंड ठेवला होता, हे त्या भाषणात हमखास येते आणि तिथेच सर्वांत मोठ्या टाळ्या पडतात. त्यात आम्हा शिक्षकांच्या टाळ्या जरा जास्तच जोरात असतात. हजेरीपटावर रोज गैरहजेरीच्या खुणा करणाऱ्या माणसाला हा दंड मनापासून आवडतो.

पण तो रुपया महाराजांच्या आयुष्यात फार उशिरा येतो. त्याच्या आधी तेवीस वर्षांचा कारभार आहे आणि त्याही आधी एका पोरक्या मुलाचे बालपण आहे. ते सारे वगळून नुसता दंड लक्षात ठेवला, तर शाळा आणि घर यांच्या नात्याविषयी महाराजांना काय कळले होते, तेच आपल्या हातून निसटते.

यशवंतराव घाटगे यांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूल तीन वर्षांचे होण्याआधीच आई राधाबाई गेल्या. दहाव्या वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. दोन वर्षांनी जन्मदाते वडील जयसिंगरावही वारले. म्हणजे ज्या वयात आमच्याकडची पोरे तिसरी-चौथीत आईचे बोट सोडायला तयार नसतात, त्या वयात या मुलाचे घर बदलले, नाव बदलले आणि मायेची माणसे एकामागून एक गेली. पुढे राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि मग धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखालचे शिक्षण, असा मुक्काम दूरदूरच राहिला. धारवाडला त्यांना शिकवणारे रघुनाथराव सबनीस नंतर संस्थानचे दिवाण झाले. शिक्षकाशी जडलेले नाते राज्यकारभारापर्यंत टिकले, ही गोष्ट मला बोलकी वाटते. घर नसलेल्या मुलाला शाळाच घर होते, हे या राजाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

२ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याधिकार हाती घेतला, तेव्हा वय वीसही नव्हते. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्यामागून प्लेग. दुष्काळी कामांवर खडी फोडायला येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांचे काय, हा प्रश्न महाराजांपुढे आला तेव्हा त्यांनी कामाच्या ठिकाणीच मुले सांभाळण्याची सोय केली. आईला कामही करायचे आहे आणि मूलही सांभाळायचे आहे, यात दोष आईचा नाही, सोय नसण्याचा आहे. त्यांचे पुढचे शिक्षणविषयक धोरण याच वळणाने गेलेले दिसते. माणूस एखादी गोष्ट का करत नाही ते आधी पाहायचे, वाटेतला धोंडा बाजूला करायचा आणि मग त्याला चालायला सांगायचे.

पहिला धोंडा राहण्या-जेवण्याचा होता. खेड्यातला मुलगा कोल्हापूरच्या हायस्कुलात नाव घालू शके, पण रात्री पाठ कुठे टेकायची आणि भाकरी कुणाच्या घरी खायची? शहरात नातलग नाही, जातीबाहेरच्या घरात थारा नाही, खाणावळीला पैसा नाही. अशा मुलाचे शिक्षण बुद्धीअभावी थांबत नव्हते, ते छपराअभावी थांबत होते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. महाराजांच्या हयातीत ही संख्या वीसवर गेली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. घर कमी पडत असेल तर शाळेला घराची उणीव भरून काढावी लागते, हे तत्त्व त्यांनी भाषणातून मांडण्याऐवजी विटामातीत उभे केले.

दुसरा धोंडा असा की, शिकून करायचे काय? नांगर सोडून पाटी धरलेल्या मुलाला शेवटी कचेरीत कोणी उभे करणार नसेल, तर बापाने त्याला शाळेत का घालावे? २६ जुलै १९०२ रोजी महाराज इंग्लंडमध्ये असताना संस्थानचे फर्मान निघाले आणि मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. आरक्षणाच्या इतिहासात या फर्मानाची नोंद नेहमी होते. मी ते शिक्षकाच्या नजरेने वाचतो तेव्हा मला त्यात आईबापांना दिलेले उत्तर दिसते. तुमच्या पोराने शिकलेले वाया जाणार नाही, असा तो सरकारी शब्द होता.

सक्तीची कल्पना महाराजांची एकट्याची नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. इंग्लंडात १८८० पासून हजेरी सक्तीची होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सक्ती सगळ्या संस्थानात नेली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात याच हेतूचे विधेयक आणले, पण ते सरकारच्या विरोधाने पडले. कोल्हापूर संस्थान बडोद्याइतके श्रीमंत नव्हते. त्यामुळे १९१७ साली महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा पैशाचा प्रश्न मोठाच होता. वर्षाला लाखभर रुपयांची तरतूद करावी लागली. नव्या इमारती होईपर्यंत थांबायचे नाही, देऊळ असो, चावडी असो की धर्मशाळा, मिळेल त्या छपराखाली वर्ग भरवायचे, असे ठरले. १९१८ च्या मार्चमध्ये कोल्हापूरजवळच्या चिखलीत या योजनेतली पहिली शाळा निघाली. पहिल्या वर्षी सत्तावीस शाळा आणि तेराशेच्या आत मुले होती. १९२१-२२ पर्यंत शाळा ४२० आणि मुले बावीस हजार झाली. चार-पाच वर्षांतली ही वाढ आहे.

या कायद्यात तो रुपया आहे. सात ते चौदा वर्षांचे मूल शाळेत पाठवले नाही तर आईबापांना महिन्याला एक रुपयापर्यंत दंड. मजुराच्या हातावर दिवसाकाठी काही आणे पडण्याचा तो काळ. त्यामुळे दंड लुटुपुटूचा नव्हता. गरिबाला दंड ही कल्पना आजच्या मनाला खटकते आणि ती खटकायलाच हवी. ज्याच्या घरी पोराने गुरे राखल्याशिवाय चूल पेटत नाही, त्याला रुपया मागणे कठोरच होते. महाराजांच्या मोठेपणामुळे ते सौम्य ठरत नाही. पण हा दंड कायद्याच्या ज्या कागदावर आहे त्याच कागदावर फी माफ आहे, हे विसरून चालणार नाही. शाळा गावात आणून दिली, फी काढून टाकली, शिकलेल्याला नोकरीत जागा ठेवली आणि पुढच्या शिक्षणासाठी वसतिगृह बांधले. एवढे सगळे करून झाल्यावर दरबाराने घराकडे आपला वाटा मागितला. क्रम उलटा असता तर तो जुलूम ठरला असता.

एक धोंडा मात्र अजून तसाच होता. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा चालत. गावच्या शाळेत त्यांना बसू दिले तरी बाहेर ओटीवर. ज्या शाळेच्या दारात मूल अपमान गिळते, तिथे ते रोज पाठवा असे त्याच्या आईला कोणत्या तोंडाने सांगायचे? १९१९ साली महाराजांनी हुकूम काढून त्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळी मुले एकाच वर्गात बसवायला लावली. शाळेने घराकडून सहकार्य मागण्याआधी स्वतःचे वागणे सुधारायचे असते, हे याहून स्पष्ट कसे सांगता येईल?

आणि स्वतःच्या घराचे काय? १९१८ च्या जूनमध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. सून इंदुमतीदेवी तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्या काळच्या राजघराण्यातल्या बालविधवेचे पुढचे आयुष्य पडद्याआड ठरलेलेच होते. महाराजांनी वाड्यातल्यांची नाराजी पत्करली, सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. मुलाच्या दुःखातून सावरण्याआधीच त्यांनी सुनेच्या हाती पुस्तक दिले. जो नियम प्रजेच्या घराला लावला, तो आपल्या उंबऱ्याच्या आतही लावला. मला ही हकिकत त्या रुपयाच्या दंडापेक्षा मोठी वाटते. शाळेचा घराशी संबंध म्हणजे काय, ते तिच्यात कळते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले, तेव्हा वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते.

आता आमच्या मलकापूरकडे येतो. हे मलकापूर बुलढाण्याचे नव्हे आणि कराडजवळचेही नव्हे. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाटाच्या अलीकडचे हे गाव, एकेकाळी विशाळगड जहागिरीचे ठाणे. आजूबाजूला डोंगर, जंगल, भातखाचरे आणि लांब लांब पांगलेले धनगरवाडे. घरटी एक तरी माणूस मुंबईला असतो. त्यामुळे आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचा पालक म्हणजे आजी. पालकसभेला तीच येते, पदराने डोके झाकून मागच्या बाकावर बसते आणि सही कुठे करायची तेवढे विचारते. गृहपाठाला घरचा हातभार लागत नाही अशी तक्रार आम्ही सभेत करतो तेव्हा ती कुणापुढे करतो आहोत, याचा विचार फारसा होत नाही. जुलैत रोपलावणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा होतो. ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वस्तीचे मूल दोन-दोन दिवस दिसत नाही. हजेरीपटाला ही कारणे कळत नाहीत. ती शिक्षकाला कळावी लागतात, आणि त्यासाठी चिखल तुडवत त्या घरापर्यंत जावे लागते.

माझा अनुभव साधा आहे. ज्या वर्षी मी जूनमध्येच प्रत्येक घरी एकदा जाऊन आलो, त्या वर्षी गैरहजेरी कमी राहिली. घरी जाऊन उपदेश केला असे नाही. मूल वर्गात काय चांगले करते ते सांगितले, घरात दिवा कुठे आहे, मूल अभ्यासाला कुठे बसते आणि सकाळी त्याला कोण उठवते ते पाहिले, आणि दोनच गोष्टी मागितल्या. मूल वेळेवर पाठवा आणि रात्री त्याला पुस्तक मोठ्याने वाचायला सांगून ऐका. ऐकायला अक्षरओळख लागत नाही. आजीला तो मान फार आवडतो. नातवाचे वाचन अडले की तिलाही कळते आणि अडखळणे कमी झाले की तेही कळते.

आज कायद्याने चित्र बदलले आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मूलभूत हक्क झाला आणि त्याच दुरुस्तीने मुलाला शिकण्याची संधी देणे हे आईबापांचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. आईबापांना दंडाची तरतूद त्या कायद्यात नाही. कागदावर तरी घर आता शाळेच्या दाराबाहेर उभे नाही, ते बैठकीत बसले आहे. पण किती ठिकाणी त्या समितीचे सदस्य फक्त ठरावाखाली सही करण्यापुरते बोलावले जातात, हे शिक्षकांना सांगायला नको. अलीकडे मोबाइलवर निरोप धाडला की घराशी संपर्क झाला असे समजण्याची रीतही पडली आहे. आजीजवळ तो मोबाइल नसतो. तो मुंबईत नोकरीवर असलेल्या बापाच्या खिशात असतो.

शाहू जयंतीच्या भाषणातून तो रुपया काढून टाकावा असे मी म्हणत नाही. मुलांनी तो जरूर सांगावा. पण त्याच्याआधी फी माफीचे, चावडीत भरलेल्या वर्गाचे, वसतिगृहाचे आणि मोडून टाकलेल्या वेगळ्या शाळांचे वाक्यही त्यांना पाठ करायला द्यावे. ते ऐकताना समोर बसलेल्या पालकांना आपल्या कर्तव्याची आठवण होईलच. मागे उभ्या असलेल्या आम्हा शिक्षकांनी आणि खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्यांनी मात्र त्या यादीतले आपल्या वाट्याचे काय राहिले आहे ते मोजावे. ओढ्यावर साकव नाही, वस्तीची शाळा पटसंख्येअभावी बंद व्हायच्या वाटेवर आहे, आणि पोर आले नाही म्हणून आम्ही आजीला जाब विचारतो आहोत. अशा वेळी तो रुपया कोणाकडून वसूल करायचा, हे महाराजांच्या आयुष्याकडे पाहून ठरवायला फारसे अवघड नाही.