विश्लेषण : शोपँ यांच्या पियानोची मोहिनी आजही का टिकून आहे?

आयुष्य अवघे ३९ वर्षांचे, जाहीर मैफली जेमतेम ३०. ना ऑपेरा लिहिला, ना सिंफनी. तरीही फ्रेडरिक शोपँ यांच्या मृत्यूला पावणेदोनशे वर्षे उलटल्यावरही पियानो शिकणाऱ्याला त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. असे का?

कोण होते शोपँ?

१८१० मध्ये पोलंडची राजधानी वॉर्सॉजवळच्या खेड्यात जन्म. वडील फ्रेंच, आई पोलिश. सातव्या वर्षीच पहिली रचना छापली गेली. नोव्हेंबर १८३० मध्ये त्यांनी वॉर्सॉ सोडले. त्याच महिनाअखेरीस रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि पुढे तो चिरडला गेला. शोपँ पॅरिसमध्ये स्थिरावले, मायदेशी कधीच परतले नाहीत.

मैफली का टाळल्या?

त्यांना गर्दीची धास्ती वाटे. बोटांचा स्पर्श हलका, त्यामुळे मोठ्या सभागृहात आवाज पोहोचत नसे. ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात मात्र ते रंगून वाजवत. घरखर्च चाले तो शिकवण्या आणि स्वरलिपीच्या विक्रीवर.

संगीतात वेगळे काय?

पियानोत हातोडी तारेवर पडते आणि सूर लगेच विरू लागतो. अशा वाद्याला शोपँ यांनी गायला लावले. डावा हात लय सांभाळतो, उजवा गायकासारखा किंचित रेंगाळतो, पेडल सूर जोडते. ‘नॉक्टर्न’मध्ये रात्रीची शांतता आहे, तर ‘माझुर्का’मध्ये दुरावलेल्या पोलंडमधल्या लोकनृत्याचा ठेका.

शेवटची इच्छा काय होती?

अप्रकाशित रचना जाळून टाकाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. मित्र ज्युलियन फाँटाना यांनी कुटुंबाच्या संमतीने ती मोडली आणि १८५५ मध्ये त्या छापल्या. आज जगभर वाजणारी ‘फँटेसी-इम्प्रॉम्प्टू’ त्यातलीच. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी निधन झाल्यावर त्यांचा देह पॅरिसमध्ये दफन झाला. हृदय मात्र बहीण लुडविका यांनी वॉर्सॉला नेले. ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात जपलेले आहे.

मग आजही का ऐकले जातात?

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी व्याप्त पोलंडमध्ये त्यांच्या संगीतावर बंदी घातली, उद्यानातला पुतळाही फोडला. पोलिश लोकांनी ते घराघरांत गुपचूप वाजवले. मुळात हे संगीत छोट्या खोलीसाठी, मोजक्या कानांसाठीच होते. वॉर्सॉत १९२७ पासून भरणाऱ्या शोपँ स्पर्धेला आज जगभरातून वादक येतात. पण रात्री हेडफोन लावून एकट्याने ऐकणारा श्रोता त्या जुन्या दिवाणखान्याच्या अधिक जवळ असतो.