नाशिकच्या कॉर्नेलियाबाई

नववीच्या स्नेहसंमेलनातलं आपलं अभिरूप न्यायालय कुणाकुणाला आठवतंय? प्रयोगशाळेतली लांब टेबलं ओढून न्यायाधीशांचं आसन केलं होतं आणि हातोडा म्हणून कवायतीच्या सामानातलं लाकडी डंबेल्स. मला साक्षीदाराचं काम होतं. आरोपीचा वकील कांजिण्यांनी घरी बसला, म्हणून दोन दिवस आधी त्याचा काळा कोट माझ्या अंगावर आला. सरावाच्या वेळी मी कुरकुर करत होते, तेव्हा आपल्या बाईंनी जाता जाता सांगितलं की हिंदुस्थानातली पहिली स्त्री वकील याच नाशिकात जन्मली होती. नाव कॉर्नेलिया. एवढं सांगून बाई पुढच्या साक्षीकडे वळल्या.

स्मरणिकेसाठी आपल्या गावच्या माणसावर लिहा असा निरोप आला, तेव्हा तीस वर्षांनी ते नाव पुन्हा हातात घेतलं.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६चा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी घरातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना हिला एका इंग्रज जोडप्याने वाढवलं होतं. त्या मानलेल्या आजीचंच नाव मुलीला मिळालं. मुलींची मोठी फौज असलेलं हे घर पुढे बेळगावला आणि मग पुण्याला गेलं. फ्रान्सिनाबाईंनी १८७६मध्ये पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. मुलींनी शिकायचं की नाही, हा प्रश्न त्या घरात कधी पडलाच नाही.

तो बाहेर पडला. डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया एकटीच मुलगी. वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घेणारे विद्यार्थी होते. ती पहिल्या वर्गात पास झाली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली. त्या निकालावर विलायतेतल्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती मुलगी असल्यामुळे नाकारली गेली. मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने मुलग्यांना इंग्रजी शिकवलं. इंग्लंडात लेडी हॉबहाउस यांनी वर्गणी जमवली, देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, आणि १८८९मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली.

तिथे कायदा शिकणारी ती पहिली स्त्री. परीक्षा पुरुषांबरोबर देता यावी म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२मध्ये ती बी.सी.एल.ची परीक्षा पास झाली, वर्ग तिसरा. पदवी मात्र नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदव्याच देत नसे.

इथून पुढचा भाग वाचताना मला आपलं ते टेबलं ओढून केलेलं कोर्ट सारखं आठवत राहिलं. परतल्यावर बाईंनी १८९७मध्ये मुंबईची एल.एल.बी. केली, १८९९मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्ही पास, आणि तरीही सनद नाही. आमच्या धंद्यात चाचण्यांमध्ये सगळं हिरवं दिसूनही प्रोग्रॅम लोकांपर्यंत सोडलाच जात नाही, तशी गत. मात्र फौजदारी कायद्यात एक फट होती. कोर्टाच्या परवानगीने आरोपीच्या बाजूने कोणतीही व्यक्ती उभी राहू शकत असे. त्या आधारावर १८९६मध्ये पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका बाईच्या बचावासाठी त्या न्यायाधीशांसमोर उभ्या राहिल्या. साम्राज्यात हे करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. याच व्यक्ती शब्दावर पुढे, १९१६ साली, कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला: वकिलीच्या कायद्यातल्या व्यक्तीत स्त्री येत नाही म्हणून. एकाच शब्दात बाई एकदा मावते आणि एकदा मावत नाही!

संस्थानांत खास परवानगीने कामं मिळत. त्यातलं एक त्यांनी आपल्या आठवणींत रंगवून सांगितलं आहे. अशील होता एक हत्ती. त्याच्या पोटगीसाठी तोडून दिलेली जागा राजाने काढून घेतली होती, आणि न्याय करणाराही तोच राजा, झोपाळ्यावर बसलेला. बाई मुद्दे तयार करून गेल्या, तर राजाने ऐकण्याआधीच निकाल त्यांच्या बाजूने दिला, कारण त्याच्या कुत्र्याला बाई आवडल्या! जिंकूनही त्या हिरमुसल्या. ज्यांनी संमेलनासाठी भाषण पाठ केलं आणि वेळ संपली म्हणून ज्यांना खाली बसवलं, त्यांना हे कळेल.

खरं काम मिळालं ते १९०४मध्ये. बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि स्त्रियांच्या जमीनदाऱ्या सांभाळणाऱ्या खात्यात, त्यांची नेमणूक झाली. पडद्यातल्या विधवा परपुरुषाशी बोलू शकत नसत आणि वकील तर सगळे पुरुष. कारभारी जे सांगेल त्यावर या बायका अंगठा उठवत. अशी बाईमाणूस सल्लागार सरकारने नेमावी, असं टुमणं कॉर्नेलियाबाईंनीच कित्येक वर्षं लावलं होतं. मग पालखी, होडी, आगगाडी, मिळेल त्याने बंगाल, बिहार, ओरिसा, आसामातले जनानखाने त्यांनी पालथे घातले. वीसेक वर्षांत सुमारे सहाशे बायकामुलांची कामं हाताळली. वाटण्या, दत्तक, मुलींची शिक्षणं, विषप्रयोगाच्या भीतीने जेवण सोडलेल्या राण्यासुद्धा.

१९२२मध्ये ऑक्सफर्डने तीस वर्षांपूर्वीची पदवी दिली. १९२३च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी झाली, त्याच वर्षी लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या आणि १९२४मध्ये कलकत्त्यात वकिली सुरू केली. वय सत्तावन्न. तरी कामं यायची ती बहुतेक लेखी मत देण्याची; उभं राहून युक्तिवाद क्वचितच. पाच वर्षांत त्यांनी गाशा गुंडाळला आणि लंडन गाठलं.

एक गोष्ट झाकून ठेवणं मला बरं वाटत नाही. कॉर्नेलियाबाई ब्रिटिश राज्याच्या पक्क्या बाजूच्या होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना पटली नाही, आणि हिंदुस्थानची नालस्ती करणाऱ्या कॅथरिन मेयोच्या पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली. जवळचे सुधारक त्यामुळे दुरावले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या न दिसण्याचं एक कारण हेच असावं. मला त्यांचं हे मत मुळीच पटत नाही. पण ज्या बायकांच्या दारात त्या पालखीतून उतरल्या, त्यांच्याकडे तेव्हा दुसरं कुणी गेलं नव्हतं.

६ जुलै १९५४ला लंडनमध्ये त्या वारल्या. लिंकन्स इनमध्ये आता त्यांचा अर्धपुतळा आहे.

आपला खटला मी हरले होते, आरोपीला दंड झाला. तो काळा कोट कुणाच्या वडिलांचा होता ते मात्र काही केल्या आठवत नाही. ज्याचा असेल त्याने मेळाव्यात भेटावं. त्याचं खालचं बटण माझ्याकडून तुटलं होतं आणि मी ते खिशात ठेवून तसाच परत केला होता.