जोसेफ बँक्स : रोप सापडलं, पण दोर काही वळता आला नाही!

आज अनोळखी झाडाचा फोटो काढला की मोबाईल दोन सेकंदांत त्याचं नाव सांगतो. अडीचशे वर्षांपूर्वी मात्र नवीन झाडं शोधायची म्हणजे जीव मुठीत घेऊन वर्षानुवर्षं जहाजावर राहावं लागायचं. असा प्रवास केलेल्या जोसेफ बँक्स यांची ही गोष्ट.

कोण होते बँक्स?

जन्म १७४३ चा, लंडनमधला. घर श्रीमंत आणि झाडांचं वेड लहानपणापासूनचं. १७६८ मध्ये कॅप्टन जेम्स कुक 'एंडेव्हर' जहाज घेऊन पॅसिफिक महासागराकडे निघाले, तेव्हा पंचविशीतले बँक्स स्वतःचा पैसा खर्च करून सोबत गेले. बरोबर वनस्पतिशास्त्रज्ञ डॅनियल सोलँडर आणि चित्रकार सिडनी पार्किन्सन होते. तेव्हा कॅमेरा नव्हता, त्यामुळे रोप सुकायच्या आत पार्किन्सन त्याचं चित्र काढून घ्यायचे.

दलदलीतलं कामाचं रोप

ऑक्टोबर १७६९ मध्ये जहाज न्यूझीलंडला पोहोचलं. पहिल्याच भेटीत इंग्रजांच्या गोळ्यांनी काही माओरी माणसं मारली गेली. पुढे ताहितीहून सोबत आलेले तुपाया दुभाषी झाले, म्हणून बोलणं तरी सुरू झालं. जवळपास सहा महिने जहाज या किनाऱ्याने फिरलं.

तिथे बँक्स यांचं लक्ष एका रोपाने वेधलं. दलदलीत आणि ओढ्याकाठी वाढणारं, आपल्या घायपातीसारख्या लांब, टोकदार पानांचं. माओरी लोक त्याला हाराकेके म्हणतात. कपडे, टोपल्या, दोर, मासेमारीची जाळी, सगळं त्याच्यापासूनच! इंग्रजांनी त्याला जवसाचं नाव दिलं, कारण जवसाच्या धाग्यापासून ते कापड विणायचे. खरं तर दोन्ही रोपांचं काही नातं नाही.

इंग्रजांना एवढी घाई का?

कारण त्या काळी जहाज चालायचं ते शिडांवर आणि दोरांवर. ब्रिटिश नौदलाला मैलोन्‌मैल दोर लागायचा आणि त्यासाठीचा हेंप (भांगेच्या रोपाचा धागा) बराचसा रशियातून विकत आणावा लागायचा. हाराकेकेचा धागा मजबूत होता. तो मिळाला तर रशियावर अवलंबून राहायला नको!

१७७१ मध्ये बँक्स घरी परतले. वाटेत बटाव्हियाच्या तापाने आणि आजारांनी जहाजावरची बरीच माणसं गेली. त्यांत पार्किन्सन आणि तुपायाही होते. बँक्स यांचं नाव मात्र खूप मोठं झालं. ऑस्ट्रेलियातला बॉटनी बे त्यांनी याच प्रवासात पाहिला होता. कैद्यांची वसाहत तिथे करावी, असं त्यांनी १७७९ मध्ये संसदेच्या समितीला सुचवलं. १७८६ च्या सरकारी योजनेत वसाहतीच्या फायद्यांमध्ये या रोपाचाही उल्लेख होता.

खरी अडचण इथे आली

१७८८ मध्ये वसाहत सुरू झाली आणि लगेच काही लोकांना नॉरफोक बेटावर पाठवलं गेलं. कुकने १७७४ मध्ये हाराकेके तिथेही पाहिलं होतं. म्हणजे रोप होतं, कामाला माणसं होती. पण पानातून चांगला धागा काही निघेना! युरोपात जवस भिजवून धागा काढतात, ती पद्धत इथे नीट चालली नाही.

मग १७९३ मध्ये एका जहाजाने न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरून तुकी आणि हुरू या दोन माओरी तरुणांना फसवून नॉरफोकला आणलं. त्यांनी धागा काढायला शिकवावं, ही अपेक्षा. पण त्यांना त्यातलं जुजबीच माहीत होतं, कारण ते काम बायकांचं! एक पुरोहिताचा मुलगा, दुसरा लढवय्या. शेवटी तिथले अधिकारी फिलिप किंग यांनी काही महिन्यांनी दोघांना स्वतः घरी पोहोचवलं. त्याआधी तुकीने आपल्या देशाचा नकाशा काढून दिला.

माओरी बायका शिंपल्याच्या कडेने पान खरवडून आतला धागा मोकळा करायच्या. त्याला मुका म्हणतात. कुठल्या जातीचं पान कशासाठी, खरवडताना जोर किती, धुवायचं-कुटायचं कधी, हे सगळं त्यांच्या हातांना माहीत होतं. पान कापतानाही मधला कोंब आणि त्याच्या शेजारची दोन पानं सोडायची. कोंब म्हणजे मूल, शेजारची पानं आई-बाप.

अपहरण बँक्स यांनी करवलं नव्हतं. पण रोपाचा नमुना, चित्र, वर्णन सगळं लंडनला पोहोचलं आणि ज्यांना ते वापरता येत होतं त्या बायकांना कुणी विचारलंच नाही, ही चूक त्यांच्या प्रवासापासूनच चालत आली. आपल्या भाषेत सांगायचं तर फोन हातात आला, पण पासवर्ड दुसऱ्याकडे राहिला.

बँक्स पुढे ४१ वर्षं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८२० मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी गोळा केलेले नमुने आजही लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये जपून ठेवले आहेत. आणि न्यूझीलंडमध्ये माओरी विणकर आजही हाराकेके कापताना मधला कोंब सोडतात.