वुडी हेज : मिशिगनचे नाव टाळणारा प्रशिक्षक

नोव्हेंबरातील मिशिगनविरुद्धचा सामना जवळ आला, की ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारातील पाट्यांवरचे ‘एम’ हे अक्षर लाल पट्टीने खोडले जाते. नोकरीनिमित्त कोलंबसला आलेल्या मराठी माणसाला प्रथम हा पोरखेळच वाटतो. परंतु या वैराला ज्यांनी धार आणली ते वुडी हेज दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे अधिकारी होते, इतिहासाचे व्यासंगी वाचक होते. आणि मिशिगनचे नाव उच्चारणे मात्र ते कटाक्षाने टाळीत.

हेज यांचा जन्म 1913 साली ओहायोत झाला. डेनिसन आणि मायामी (ही ओहायोतील, फ्लोरिडातील नव्हे) येथे प्रशिक्षकपद भूषवून 1951 मध्ये ते ओहायो स्टेटला आले. 28 हंगामांत त्यांनी 205 सामने जिंकले.

1961 चा प्रसंग त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू दाखवितो. त्या वर्षी संघाला रोज बोलचे निमंत्रण मिळाले. पण फुटबॉल विद्येवर कुरघोडी करीत असल्याच्या चिंतेने प्राध्यापक मंडळाने 28 विरुद्ध 25 मतांनी ते नाकारले. संतप्त विद्यार्थी रस्त्यावर उतरले. हेज दुखावले होते. तरीही निर्णयाचा अधिकार प्राध्यापकांचाच, असे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. आज कोणता प्रशिक्षक एवढे करील?

हाच संयम मिशिगनसमोर उरत नसे. 1968 मध्ये विजय निश्चित असतानाही अखेरच्या टचडाउननंतर त्यांनी दोन जादा गुणांचा प्रयत्न करविला. तो फसला, 50-14 हा आकडा मात्र मिशिगनच्या जिव्हारी लागला. पुढच्याच वर्षी बो शेम्बेक्लर मिशिगनचे प्रशिक्षक झाले. ते मायामीत हेज यांच्या हाताखाली खेळलेले आणि पुढे कोलंबसला त्यांचे सहायक राहिलेले. सलग 22 सामने जिंकून आलेल्या गुरूच्या संघाला शिष्याने ॲन आर्बरमध्ये 24-12 असे नमविले. पुढे 1978 पर्यंत चाललेल्या या दहा सामन्यांना चाहते ‘दहा वर्षांचे युद्ध’ म्हणतात. त्यात मिशिगनने पाच जिंकले, ओहायो स्टेटने चार. 1973 चा सामना 10-10 असा बरोबरीत सुटला. मैदानाबाहेर मात्र दोघांचा स्नेह टिकला, हे गॅलरीतल्या चाहत्यांना फारसे रुचले नसावे.

त्यांचा शेवट मिशिगनच्या हातून झाला नाही. डिसेंबर 1978 मध्ये गेटर बोलच्या सामन्यात चेंडू अडविणाऱ्या क्लेमसनच्या एका तरुण खेळाडूला हेज यांनी साऱ्या देशादेखत ठोसा मारला. दुसऱ्याच दिवशी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. चाहत्यांनी वर्षानुवर्षे ज्या रागाला टाळ्या दिल्या, तोच हा राग होता.

विद्यापीठाने त्यांना कायमचे दूर लोटले नाही. 1986 मध्ये पदवीदान समारंभाचे भाषण त्यांनीच केले. 12 मार्च 1987 रोजी ते वारले, तेव्हा श्रद्धांजलीपर भाषण करण्यास माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन कोलंबसला आले. ओहायो स्टेडियमजवळचा रस्ता आज हेज यांच्या नावाचा आहे.