पी. बाळू : हाताची पारख



आमच्या ईस्ट टामाकीच्या बाजूला मुले क्रिकेट खेळतात, तशी काही बेसबॉलही खेळतात. अमेरिकेत बेसबॉलचे धंदेवाईक संघ होतकरू पोरे हेरायला पगारी माणसे गावोगाव पाठवतात. पोराचा हात, नजर आणि पळण्याचा वेग त्यांनी पसंत केला तर पुढे करार होऊ शकतो. पण कित्येक दशके या पारख्यांना काळ्या खेळाडूंचा हात दिसतच नसे. अखेर १९४५ साली ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले आणि १९४७ साली तो त्या संघातून खेळला.

त्याच्या अर्धशतकाआधी आपल्या पुण्यात अशीच गोष्ट घडली होती. ती बाळू पालवणकर यांची.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे आपल्यासारखेच मूळ कोकणातले, रत्नागिरीकडच्या पालवण गावचे. जात चांभाराची, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील पुण्याला लष्करी खात्यात नोकरीस होते. पोराला लवकरच पारशांच्या क्रिकेट मैदानावर काम मिळाले : झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तिथे जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची.

डाव्या हाताची ती संथ फिरकी जे. जी. ग्रेग या नामवंत फलंदाजाच्या नजरेत भरली. तो रोज लवकर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. फलंदाजी मात्र बाळूंच्या वाट्याला कोणी येऊ दिली नाही. ते काम साहेबांचे!

पुण्याच्या हिंदू क्लबाला या गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी लागणारा गोलंदाज गावातच होता, पण त्याला घ्यावे की नाही यावर वाद माजला. शेवटी घेतले. मैदानात सर्वजण एकच चेंडू हाताळीत; चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई.

१८९६ साली प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात विरोध होऊनही त्यांना प्रवेश मिळाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी शंभरावर बळी घेतले.

इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. शिवराम आणि गणपत हे भाऊही त्या संघातून खेळले.

तरुणपणी डॉ. आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि १९३७ च्या मुंबईच्या निवडणुकीत बाळू त्यांच्याविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

ग्रेगने बाळूंचा हात पाहिला, पण त्याला हवा होता सरावासाठी गोलंदाज. हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले, पण पंगतीत घेतले नाही. हात ओळखणारे मिळाले. माणूस ओळखायला फार वर्षे लागली. आपण यावर बोट ठेवताना थोडे थांबावे. आपल्या बेने इस्राएल समाजातही एके काळी गोरे आणि काळे असा भेद पाळला जात असे. आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्राएलात आपल्याच लोकांना लग्नाच्या वेळी कुळाचा पुरावा मागितला गेला, तेव्हा ते दुःख काय असते हे आपल्यालाही कळले.

मी आयुष्यभर वर्गात मुले पाहिली. मागच्या बाकावरच्या पोराचा हात पाहायला शिक्षकाने आधी त्याचे आडनाव विसरावे लागते. एवढे जमले तरी पुष्कळ.

– एक निवृत्त शिक्षक, ईस्ट टामाकी