जेम्स पार्किन्सन आणि मेंदूच्या पेशी वाचवण्याची आशा

घरातल्या कुणाला कंपवात म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार आहे असे कळले, की थोड्याच दिवसांत एक प्रश्न येतोच: मेंदूच्या पेशी वाचवणारे औषध नाही का? व्हिटॅमिन ई, कोएन्झाइम क्यू-१०, ग्लुटाथायोनची इंजेक्शने ही नावे तुमच्या कानावर आली असतील. त्यांच्याकडे वळण्याआधी, ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या डॉक्टरांबद्दल थोडे सांगतो. या प्रश्नाशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता नाही.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. जागतिक पार्किन्सन्स दिन याच तारखेला असतो. वडील त्याच वस्तीतले वैद्य. त्यांच्या हाताखाली शिकून जेम्स यांनी तोच व्यवसाय पुढे चालवला. आजच्या भाषेत ते फॅमिली डॉक्टर होते. सामान्य कुटुंबांना आजार समजावेत म्हणून त्यांनी सोप्या भाषेत पुस्तके लिहिली, म्हणजे या संकेतस्थळावर आम्ही करतो तेच काम. शिवाय सामान्य माणसाला मताचा अधिकार मिळावा म्हणून ते टोपणनावाने पत्रके काढत. १७९४ मध्ये राजाच्या हत्येच्या एका कथित कटाच्या चौकशीत त्यांना साक्षीलाही बोलावले गेले. जीवाश्मांवर त्यांनी तीन खंड लिहिले. एवढे सगळे करून पेशंट कधी बघत असतील, हा प्रश्न मला नेहमी पडतो!

१८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपवातावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात फक्त सहा रुग्ण होते, आणि त्यांपैकी काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. हात स्वस्थ असताना येणारी थरथर, पुढे वाकलेले शरीर, तोल पुढे जाऊन पडणारी घाईची पावले, बद्धकोष्ठता, बिघडलेली झोप हे सगळे त्यांनी टिपले. तुमच्या घरातल्या रुग्णाकडे पाहिलेत तर यातले बरेचसे ओळखू येईल. काही बाबतींत त्यांचा अंदाज चुकला. बुद्धीवर परिणाम होत नाही असे त्यांना वाटले. काही रुग्णांत तो होतो हे आज आपल्याला माहीत आहे. आजाराचे मूळ त्यांनी मणक्यातल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागात मानले आणि मानेतून रक्त काढण्याचा उपाय सुचवला. मात्र आजाराचे स्वरूप नीट कळेपर्यंत पोटात घ्यायची औषधे देणे योग्य नाही, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले. आजार पुढे सरकणे थांबवणारा उपाय कधीतरी सापडेल, ही आशा मात्र त्यांनी सोडली नव्हती.

तो शोध आजही चालू आहे. मेंदूच्या खोल भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी असतात. या आजारात त्या हळूहळू मरतात. डोपामिनचे विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक पदार्थ तयार होतात. त्या भागात लोहही जास्त असते आणि पेशींचे स्वतःचे संरक्षक द्रव्य, ग्लुटाथायोन, कमी पडते. लोखंड गंजावे तशी पेशींची झीज होते असे समजा. म्हणून गंज रोखणारी, म्हणजे अँटिऑक्सिडंट, औषधे दिली तर? कल्पना पटण्यासारखीच होती.

अमेरिका आणि कॅनडात सुरुवातीच्या अवस्थेतल्या ८०० रुग्णांवर व्हिटॅमिन ई रोज २००० युनिट देऊन पाहिले गेले. १९९३ च्या अहवालात त्याचा फायदा दिसला नाही. त्याच अभ्यासातल्या सेलेजिलिन या गोळीमुळे लिव्होडोपा सुरू करण्याची वेळ पुढे ढकलली गेली. पण ती गोळी लक्षणेही कमी करते, त्यामुळे पेशी वाचल्या असे सिद्ध झाले नाही. कोएन्झाइम क्यू-१० चा मोठा डोस ६०० रुग्णांवर तपासला गेला. फायद्याची चिन्हे नसल्याने २०११ मध्ये अभ्यास थांबवावा लागला.

पुढची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. पार्किन्सन यांना स्वतःला गाउट होता आणि १८०५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. गाउट होतो युरिक अॅसिड वाढल्याने, आणि युरिक अॅसिड हे शरीरातले नैसर्गिक अँटिऑक्सिडंट आहे. ज्यांचे युरिक अॅसिड जास्त, त्यांना कंपवात कमी होतो असे अनेक पाहण्यांत दिसले. मग ते मुद्दाम वाढवायचे म्हणून सुमारे ३०० रुग्णांना इनोसिन दिले गेले. युरिक अॅसिड वाढले, आजाराचा वेग मात्र तसाच राहिला, आणि मुतखडे जास्त झाले. जादा लोह काढून टाकणारे डेफेरिप्रोन हे औषध २०२२ च्या एका अभ्यासात तर उलटे ठरले. ते घेणाऱ्यांची लक्षणे खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली.

असे का व्हावे? निदान होईपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. औषध मेंदूत पुरेसे पोहोचते का, हाही प्रश्न आहे. किंवा ही झीज आजाराचे कारण नसून परिणाम असेल. संशोधन थांबलेले नाही. पण आजच्या घडीला यातले काहीही पेशी वाचवते असे सांगून कुणी महागडी कॅप्सूल किंवा इंजेक्शनांचा कोर्स देत असेल, तर माझा सल्ला आहे की ते पैसे फिजिओथेरपीवर खर्च करा. लिव्होडोपा स्वतःहून बंद करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर व्हिटॅमिन ई चा मोठा डोस रक्तस्राव वाढवू शकतो. काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, रागावतील म्हणून लपवू नका.

पार्किन्सन २१ डिसेंबर १८२४ रोजी वारले. आजाराला त्यांचे नाव मिळाले ते नंतर कित्येक दशकांनी, पॅरिसच्या शार्को यांच्यामुळे. इंटरनेटवर त्यांच्या नावाने फिरणारा दाढीवाल्या गृहस्थांचा फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. ते गेले तेव्हा माणसांचे फोटो काढण्याची सोयच नव्हती, आणि त्यांचे खात्रीचे एकही चित्र उपलब्ध नाही.