पानिपतचे मास्तर: मौलाना अल्ताफ हुसैन हाली

पानिपत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १७६१ ची लढाई येते. पण याच पानिपतच्या गल्लीत १८३७ साली एक मूल जन्माला आलं, ज्याने पुढे तलवारीने नाही तर कलमने मोठं काम केलं. ते म्हणजे ख्वाजा अल्ताफ हुसैन, सगळ्यांना माहीत असलेले मौलाना हाली. त्यांच्या 'मुसद्दस'बद्दल आपण बुजुर्गांकडून ऐकलेलं असतं. आज शायर हालींना थोडं बाजूला ठेवू आणि घरातले हाली, नोकऱ्या बदलत फिरणारे मास्तर हाली पाहू.

हालींचं बालपण सुखाचं नव्हतं. त्यांच्या जन्मानंतर आईची मनाची तब्येत बिघडली. नऊ वर्षांचे असताना वालिद ख्वाजा एजद बख्श यांचा इंतकाल झाला. थोरले भाऊ इमदाद हुसैन आणि बहिणींनी त्यांना वाढवलं. कुरआन हिफ्ज झालं, थोडी फारसी, थोडी अरबी झाली. पुढे शिकायची ओढ होती, पण घरच्यांनी वयाच्या सतराव्या वर्षीच निकाह लावून दिला. पत्नीचं नाव इस्लामुन्निसा. लग्न झालं म्हणजे आता कमवायला लागा, शिकणं संपलं, असा त्या काळचा हिशोब. (आपल्याकडे तरी तो पूर्ण बदललाय का?)

हाली मन मारून बसले नाहीत. पत्नीचं माहेर खात्यापित्या घरचं होतं. तिची आबाळ होणार नाही याची खात्री होती. ती माहेरी गेलेली असताना एका रात्री ते कोणालाही न सांगता घरातून निघाले आणि पायी दिल्लीला पोहोचले. हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. जामा मशिदीजवळच्या हुसैन बख्श यांच्या मदरशात राहून ते मौलवी नवाजिश अली यांच्याकडे शिकू लागले. गंमत म्हणजे तेव्हा दिल्ली कॉलेज जोरात चालू होतं, पण हालींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते ज्या लोकांत वाढले होते, ते इंग्रजी मदरशातल्या शिक्षणाला इल्म मानतच नव्हते. हेच हाली पुढे नव्या शिक्षणाचे वकील झाले!

दिल्लीत मिर्झा गालिब यांच्याकडे त्यांचं येणंजाणं सुरू झालं. गालिब साहेब सहसा कुणाला शायरी कर म्हणून सांगत नसत. या पोराला मात्र त्यांनी बजावलं की तू शेर लिहिले नाहीस तर स्वतःवरच जुलूम करशील. त्या वेळी तखल्लुस 'खस्ता' होतं, 'हाली' नंतर आलं.

दीडेक वर्षाने घरच्यांनी शोधून परत आणलं. १८५६ मध्ये हिसारच्या कलेक्टर कचेरीत छोटी नोकरी लागली. वर्षभरातच १८५७ चा उठाव झाला. जीव वाचवून गावाकडे परतताना वाटेत लुटारूंनी घोडा काढून घेतला. घरी पोहोचले ते आजारी होऊनच.

त्यानंतर सुरू झाला मास्तरकीचा प्रवास. नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांनी आपल्या मुलांना शिकवायला त्यांना जहांगीराबादला नेलं. सात-आठ वर्षं तिथे गेली. १८६९ मध्ये गालिब आणि शेफ्ता दोघेही एकाच वर्षी गेले. उस्तादही गेले आणि रोजीही गेली. मग लाहोरला सरकारी बुक डेपोत काम मिळालं. इंग्रजीतून उर्दूत केलेल्या तर्जुम्यांची भाषा नीट करायची, एवढंच काम. स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, पण या तर्जुम्यांमधूनच त्यांना नव्या विचारांची ओळख झाली. चारेक वर्षांनी ते दिल्लीच्या अँग्लो अरेबिक स्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथे असतानाच, सर सय्यद यांच्या आग्रहावरून लिहिलेलं 'मुसद्दस' १८७९ मध्ये छापलं गेलं. १८८७ मध्ये लाहोरच्या एचिसन कॉलेजात गेले. राजे-रईसांच्या मुलांचं कॉलेज, पण तिथे मन रमलं नाही. काही महिन्यांतच पुन्हा दिल्लीची तीच जुनी शाळा! पुढे हैदराबाद संस्थानाकडून महिना ७५ रुपयांचा वजीफा सुरू झाला, तेव्हा नोकरी सोडून ते कायमचे पानिपतला आले.

आता मुद्द्याची गोष्ट. शिकण्यासाठी बायकोला न सांगता निघून गेलेला हा माणूस पुढे बायकांच्याच शिक्षणासाठी झटला. १८७४ मध्ये त्यांनी 'मजालिसुन्निसा' लिहिलं. त्यात जुबैदा खातून नावाची मुलगी आहे. वडील तिला घरीच शिकवतात, आणि मोठी झाल्यावर तीच आपल्या मुलाला घडवते. भाषा अगदी दिल्लीच्या घराघरात बायका बोलतात तशी. सरकारने या पुस्तकाला ४०० रुपयांचं बक्षीस दिलं आणि मुलींच्या शाळांत ते अनेक वर्षं शिकवलं गेलं. 'मुनाजाते बेवा'मध्ये त्यांनी विधवेचं दुःख मांडलं. पानिपतमध्ये मुलींसाठी शाळाही सुरू केली.

हालींनी हे सगळं त्या रात्रीची भरपाई म्हणून केलं का, ते अल्लाह जाणे. पण एक गोष्ट साफ दिसते. त्यांना स्वतःला शिकायला घर सोडता आलं, कारण ते मर्द होते. इस्लामुन्निसाला कोणती वाट होती? आपल्या मुलीवर शिकण्यासाठी पळून जायची वेळ येऊ नये, इल्म तिच्या दारातच यावं, हेच त्यांच्या कामातून समोर येतं.

३१ डिसेंबर १९१४ रोजी पानिपतमध्ये त्यांचा इंतकाल झाला. बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. आपल्या मुंबईत राहून सिनेमे आणि लेख लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास हे हालींचे पणतू. पानिपतच्या हाली मुस्लिम हायस्कूलमध्येच ते शिकले होते.

आज आपल्या घरात दहावी-बारावी झालेल्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी सुरू होत असतील, तर एकदा मौलाना हालींची आठवण काढा. तिला आधी विचारा, बेटी, तुला पुढे शिकायचंय का?